विश्लेषण : आसूच्या शेतातून हांगझोऊच्या टर्फवर, वैष्णवी फाळकेची वाटचाल बार्शीच्या मुलींना काय सांगते?

बार्शी : महिलांच्या आशिया चषक हॉकी स्पर्धेत सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे भारताने दक्षिण कोरियाला ४-२ असे हरवले. त्या सामन्यात भारताचा पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला झाला, तो वैष्णवी विठ्ठल फाळके हिचा. चौथा आणि अखेरचा गोल ५९ व्या मिनिटाला झाला, तो ऋतुजा दादासो पिसाळ हिचा. दोघीही सातारा जिल्ह्यातल्या. एका आंतरराष्ट्रीय सामन्यातला भारताचा पहिला आणि शेवटचा गोल एकाच जिल्ह्यातल्या दोन मुलींनी करावा, ही महाराष्ट्राच्या हॉकीसाठी साधी गोष्ट नाही. हा जिल्हा सोलापूरला खेटून आहे. मग तिथल्या मुलींना जमले ते कसे, आणि बार्शीसारख्या तालुक्यातल्या मुलींसाठी ही वाट खुली आहे का, याचा हा आढावा.

वैष्णवी फाळके कोण आहे?

वैष्णवी ही फलटण तालुक्यातील आसू गावच्या शेतकरी कुटुंबातील मुलगी. आषाढी वारीत माऊलींची पालखी फलटणचा मुक्काम उरकून बरडमार्गे नातेपुत्याकडे येते आणि सोलापूर जिल्ह्यात शिरते, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच टापूतले हे गाव. ऊस, ज्वारी, जनावरे आणि पाण्याची काळजी, हे तिथलेही जगणे.

तिच्यासोबत याच जिल्ह्यातून आणखी काही मुली पुढे आल्या. अक्षता आबासो ढेकळे ही वाखरीची. पंढरपूरजवळच्या रिंगणाच्या वाखरीची नव्हे, तर फलटण तालुक्यातल्या वाखरीची. अक्षता दक्षिण आफ्रिकेत २०२२ मध्ये झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात भारताकडून खेळली. ऋतुजा पिसाळ डिसेंबर २०२३ मध्ये चिलीतील सँटियागो येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात भारताची उपकर्णधार होती.

या मुलींची नावे आंतरराष्ट्रीय धावफलकावर पूर्ण लागतात. विठ्ठल, दादासो, आबासो ही वडिलांची नावे परदेशी समालोचक अडखळत का होईना, उच्चारतात. ज्या घरांत मुलीच्या खेळाला ‘किती दिवस चालायचं हे?’ असे विचारले जाते, त्या घरांनी हे एकदा ऐकायला हवे.

तिची सुरुवात कुठून झाली?

वैष्णवी घडली ती राज्य शासनाच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत. या योजनेचे मुख्य केंद्र पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले आणि त्यानंतर काही वर्षांत प्रबोधिनीची योजना सुरू झाली. निवड झालेल्या मुलामुलींचे राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण आणि साहित्य यांचा भार शासन उचलते.

प्रबोधिनीची निवड आपल्याकडच्या बहुतेक पालकांना वाटते तशी होत नाही. मुलाला तो खेळ आधीपासून यायलाच हवा, अशी अट सरळ प्रवेशाच्या चाचणीत नसते. प्राथमिक शाळेच्या वयातच उंची, वजन, ३० मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, उभी उडी, चेंडूफेक, लवचीकता, शटल रन आणि ८०० मीटर धावणे अशा कसोट्या घेतल्या जातात. त्यातून मुलाची शारीरिक क्षमता कळते आणि पुढे कोणता खेळ त्याला मानवेल हे ठरते. म्हणजे शेतात, ओढ्याकाठी, शाळेच्या मैदानावर पळून तयार झालेली मुलगीही तिथे पोहोचू शकते. हातात हॉकी स्टिक तिने पूर्वी धरली नसेल तरी.

याच पद्धतीने फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव धनुर्विद्येत आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याला हेरले, तो प्रबोधिनीत गेला आणि पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला. आसू, वाखरी, सरडे ही सारी एकाच तालुक्यातली गावे आहेत. गुणवत्ता जशी तिथे आहे तशी ती वैराग, पांगरी, आगळगावातही असणार. फरक पडतो तो हेरणारी नजर आणि वेळेवर भरलेला अर्ज यांमुळे.

भारतीय संघापर्यंत ती कशी पोहोचली?

हॉकीत राष्ट्रीय संघाची शिडी ठरलेली आहे. उपकनिष्ठ आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा, तिथून कनिष्ठ राष्ट्रीय शिबिर, मग कनिष्ठ भारतीय संघ आणि शेवटी बेंगळुरूच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण केंद्रातले वरिष्ठ शिबिर. यातली एकही पायरी सहसा चुकवता येत नाही.

वैष्णवीने या पायऱ्या क्रमाने चढल्या. जून २०२२ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथे २३ वर्षांखालील पाच देशांची स्पर्धा झाली, त्यात भारताच्या कनिष्ठ संघाचे नेतृत्व तिच्याकडे होते. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका दौऱ्यात तिने वरिष्ठ संघात पदार्पण केले. त्या दौऱ्यातला पहिला सामना भारताने ५-१ असा जिंकला आणि लवकरच गोल करणाऱ्यांच्या यादीतही तिचे नाव लागले.

जून २०२३ मध्ये ती पुन्हा कनिष्ठ संघातून जपानमध्ये आशिया चषक खेळली. उझबेकिस्तानविरुद्ध भारताने २२ गोल केले, त्यातला पहिला तिसऱ्याच मिनिटाला तिने केला होता. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून या स्पर्धेचे विजेतेपद पहिल्यांदाच मिळवले. वरिष्ठ संघात खेळून आल्यावर पुन्हा कनिष्ठ संघात उतरणे काहींना कमीपणाचे वाटते. हॉकीत मात्र वय बसत असेल तर तसे करणे नेहमीचे आहे. सामन्यांची सवय त्यातूनच होते.

२०२३ हे वर्ष तिच्यासाठी इतके महत्त्वाचे का?

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताच्या १८ जणींच्या संघात वैष्णवी होती. गटात भारताने मलेशियाला ६-० असे हरवले, त्या सामन्यात पहिले सत्र संपता संपता तिने गोल केला. उपांत्य फेरीत मात्र चीनने भारताला ४-० असे नमवले. हा पराभव नुसता पदकापुरता नव्हता. सुवर्ण मिळाले असते तर पॅरिस ऑलिम्पिकचे तिकीट थेट हातात आले असते. कांस्यपदकाच्या लढतीत भारताने जपानला २-१ असे हरवले आणि आसूच्या घरात आशियाई पदक आले.

महिनाभरातच रांचीला आशियाई चॅम्पियन्स करंडक झाला. उपांत्य सामन्यात कोरियाविरुद्ध भारत २-० ने जिंकला. एक गोल सलीमा टेटेचा, दुसरा वैष्णवीचा. अंतिम फेरीत जपानवर ४-० असा विजय मिळाला. पदार्पणाच्या वर्षातच आशियाई कांस्य आणि आशियाई चॅम्पियन्स करंडकाचे सुवर्ण, अशी दोन पदके तिच्या नावावर जमा झाली.

मग पॅरिस का हुकले?

जानेवारी २०२४ मध्ये रांचीलाच ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा झाली. पहिले तीन संघ पॅरिसला जाणार होते. वैष्णवी या संघातही होती. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये भारत ३-४ असा हरला. दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, तिसऱ्या क्रमांकासाठी जपानशी गाठ पडली. जपानने सुरुवातीलाच एक गोल केला आणि तो अखेरपर्यंत फिटला नाही. ०-१.

टोकियोत चौथ्या आलेल्या संघाला त्यानंतरच्या ऑलिम्पिकमध्ये खेळताच आले नाही. पुरुष संघाने पॅरिसमध्ये कांस्य मिळवले तेव्हा महिला संघातील मुली तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत होत्या. खेळाडूच्या आयुष्यात ऑलिम्पिक चार वर्षांनी येते. त्यात दुखापत, फॉर्म आणि निवड यांची गणिते धरली तर एक संधी हुकणे म्हणजे काय, हे ज्याचा हंगाम एका पावसाने हुकला आहे त्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

ती नेमकी कोणत्या जागी खेळते?

हॉकीत अकरा खेळाडू असतात आणि सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांत होतो. फुटबॉलप्रमाणे मोजक्याच बदली खेळाडूंची मर्यादा नसते. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. त्यामुळे प्रत्येक खेळाडू काही मिनिटे पूर्ण ताकदीने पळते, बाहेर येऊन दम खाते आणि पुन्हा उतरते. एकाहून अधिक जागी खेळू शकणारी खेळाडू अशा खेळात प्रशिक्षकाला फार उपयोगी पडते.

वैष्णवी वरिष्ठ संघात मधल्या फळीची खेळाडू म्हणून आली. बचाव फळीकडून चेंडू घेणे, तो पुढे पोहोचवणे आणि चेंडू गेला की लगेच मागे धावत येणे, हे या जागेचे काम. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील राजगीरला झालेल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात तिची निवड बचावपटूंमध्ये झाली होती. ती स्पर्धा भारताने अंतिम सामन्यात दीपिकाच्या एकमेव गोलवर चीनला हरवून जिंकली. त्यानंतर २०२५ च्या आशिया चषकात ती पुन्हा मधल्या फळीत दिसली. गोल करणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात, पण संघातली जागा टिकते ती अशा लवचीकपणावर.

ऋतुजाचे उदाहरण वेगळे काय सांगते?

सगळ्यांची वाट एकसारखी नसते. ऋतुजा कनिष्ठ संघाची उपकर्णधार होती, तरी वरिष्ठ संघाचे दार तिच्यासाठी लगेच उघडले नाही. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या फाइव्ह-अ-साइड हॉकीच्या विश्वचषकात ती आणि अक्षता भारताकडून खेळल्या. पाच-पाच खेळाडूंचा हा छोट्या मैदानावरचा वेगवान खेळ आहे. भारताने तिथे रौप्य मिळवले. अंतिम सामना नेदरलँड्सने ७-२ असा जिंकला. भारताच्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचा होता.

पुढच्या वर्षी महिलांसाठी हॉकी इंडिया लीग प्रथमच झाली. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीला अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमा संघाला २-१ असे हरवले आणि वॉरियर्सचे दोन्ही गोल ऋतुजाने केले. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरच्या प्रो लीगमध्ये ती भारताच्या वरिष्ठ संघात होती आणि स्पेनविरुद्ध तिने गोलही केला. देशांतर्गत लीग का हवी, याचे उत्तर यात आहे. पूर्वी शिबिरात निवड झाली नाही की खेळाडू नजरेआड जायची. आता मोठ्या सामन्यात थेट कामगिरी दाखवण्याची जागा मिळाली आहे.

ग्रामीण मुलींना हॉकीत सर्वांत मोठी अडचण कोणती?

टर्फ. आंतरराष्ट्रीय हॉकी १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून कृत्रिम मैदानावर गेली. गवतावर किंवा मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडतो, दिशा बदलतो. तिथे मनगटाचे कौशल्य लागते. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने जातो. तिथे पळण्याचा वेग, पहिल्या स्पर्शात चेंडू थांबवणे आणि लांबचा अचूक पास यांना महत्त्व आले. मुरमावर चार वर्षे शिकलेली मुलगी टर्फवर आली की तिला बरेच काही नव्याने शिकावे लागते.

शिवाय मोठ्या स्पर्धांच्या टर्फवर सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात असे मैदान उभारायचे म्हणजे पाण्याचा प्रश्न आधी येणार. कमी पाण्यावर किंवा पाण्याशिवाय चालणाऱ्या टर्फकडे जागतिक हॉकी संघटना वळत आहे, ती सोलापूर-धाराशिवसारख्या पट्ट्यासाठी चांगली बातमी ठरू शकते.

बार्शीहून बालेवाडी दोनशेहून अधिक किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन सराव करणे शक्य नाही. म्हणून या खेळात मुलीला घर सोडून वसतिगृहात राहावे लागते, तेही अकरा-बारा वर्षांच्या वयात. खरा पेच इथे आहे. मुलाला तालमीत ठेवण्याची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मोहोळच्या सिकंदर शेखने २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, त्यामागे ही सवयच आहे. मुलीला खेळासाठी बाहेर ठेवताना मात्र घरातले हात आखडतात. आसूच्या घरात तो निर्णय झाला, म्हणून पुढचे सारे झाले.

बार्शीतील पालक आणि शाळांनी काय करावे?

पहिली गोष्ट, शालेय क्रीडा स्पर्धा गांभीर्याने घ्याव्यात. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या या स्पर्धा खालच्या स्तरापासून जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो, म्हणजे स्पर्धा कठीण, पण निवडणाऱ्यांची नजरही तिथेच असते. शालेय हॉकीत नेहरू चषकाची स्पर्धा महत्त्वाची मानली जाते आणि तिच्यात मुलींचा १७ वर्षांखालील गट आहे.

दुसरी, प्रबोधिनीच्या चाचण्यांची माहिती सोलापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळते. ती दरवर्षी वेळेत विचारावी. पळायला चपळ असलेली मुलगी चौथी-पाचवीत असतानाच ही चौकशी झाली पाहिजे. दहावीनंतर विचारून उपयोग होत नाही.

तिसरी, टर्फ नाही म्हणून थांबायचे कारण नाही. या वयात लागतो तो दम, वेग, तोल आणि लवचीकता. त्याची तयारी शाळेच्या मैदानावर होते. खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलींचे वाकून पळणे, अचानक दिशा बदलणे हॉकीत थेट कामी येते, कारण हॉकीपटूला सामनाभर कंबरेत वाकूनच खेळावे लागते.

आणि निवड झाली नाही तर?

हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात, आणि तो रास्त आहे. प्रबोधिनीत जाणाऱ्या बहुतेक मुली भारताकडून खेळत नाहीत. देशाच्या संघात जागा असतात जेमतेम वीस-पंचवीस. पण मधल्या पायऱ्यांनाही किंमत आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस दलांत खेळाडूंची भरती होते. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचे आहे का, हे आधीच पाहून घ्यावे. पुढे पडताळणीत अडलेले प्रमाणपत्र कागदापुरतेच उरते. शिक्षण मध्येच सोडू देऊ नये, ही गोष्ट तर सांगायलाच नको.

पुढे काय?

भारतीय महिला हॉकीसमोरचा काळ सोपा नाही. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये संघ तळाला राहिला आणि त्या स्पर्धेतून खाली घसरला. आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने ४-१ असे हरवले. जिंकलो असतो तर २०२६ च्या विश्वचषकाचा प्रवेश थेट मिळाला असता. उपविजेत्यांना पात्रता फेरीचा रस्ता धरावा लागला. २०२६ मध्ये जपानमधील आयची-नागोया येथे आशियाई स्पर्धा आहेत आणि तिथल्या सुवर्णपदकासोबत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे तिकीट जोडलेले आहे. जे हांगझोऊत उपांत्य फेरीत निसटले, तेच पुन्हा पणाला लागणार आहे.

वैष्णवीच्या हाती दोन आशियाई चॅम्पियन्स करंडकांची सुवर्णपदके, आशियाई स्पर्धेचे कांस्य आणि आशिया चषकाचे रौप्य आहे. ऑलिम्पिक तेवढे बाकी आहे. ते मिळेल की नाही, हे टर्फवर ठरेल. पण आसूपासून टर्फपर्यंतचा रस्ता कसा जातो, कुठे वळतो आणि कुणाला विचारायचा, हे आता कळले आहे. बार्शी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत आज मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलगी असेलच. तिचे नाव पुढच्या चाचणीच्या यादीत घालायचे की नाही, एवढाच निर्णय शाळेने आणि घराने घ्यायचा आहे.